ते तिचं ऐकते

ट्रान्सफॉर्मर पोचवायचा आणि परत यायचं, एवढंच काम होतं. सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधलेला लोखंडी ठोकळा, आणि आर्णीतल्या जब्बारभाईच्या रेडिओ-दुकानापासून किसनरावाच्या जिनिंगपर्यंत दीड मैलाचा रस्ता. साल बासष्ट. चैत्र सरत आला होता. सकाळचे दहा वाजले असतील, आणि डांबर आत्ताच मऊ पडायला लागलं होतं.

कंदील वर करायचा तर करून घ्या. मधे बोलू नका. भुतं रात्री निघतात असं म्हातारे सांगतात. म्हातारे पुष्कळ सांगतात. हे सगळं भर दुपारी झालं आहे.

माझं नाव उकंडा. माझ्या आधीची तीन पोरं गेली, म्हणून जन्मल्याबरोबर मला उकिरड्यावर ठेवला आणि परत उचलला. मरणाला वाटावं, हा कचरा आहे, याला कशाला न्या. नागपूरला इंजिनिअरिंगच्या शाळेत दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा वर्कशॉपच्या मास्तरानं या नावावरून वर्ग हसवला. मी त्याच्या तोंडावर कानस फेकून मारली आणि गाडी धरून घरी आलो, जब्बारभाईच्या हाताखाली लागलो. बापानं, म्हणजे देवरावानं, आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मास्तर काय बोलला होता हे त्यानं आजपर्यंत विचारलेलं नाही.

बाप किसनरावाच्या जिनात प्रेसचा मुकादम होता. सरकी काढून झाल्यावर रुई दाबून तिच्या गाठी बांधतात, ती प्रेस. छप्पन साली नागपूरला जाऊन, लाखो लोकांत उभं राहून, त्यानं दीक्षा घेतली होती. घरी आल्यावर सगळे देव टोपलीत भरून अरुणावतीत बुडवले. मी पंधरा वर्षांचा होतो, टोपली माझ्याच डोक्यावर होती. छाती भरून आली होती माझी. पुढं कळलं, बापानं देव बुडवले, मालक नाही बुडवला.

तर तो मालक. किसनरावाचा एकुलता एक पोरगा मधुकर अमेरिकेत कापसाच्या यंत्रांचं शिकायला गेला होता. एकसष्टच्या दिवाळीत परत आला, आणि बोटीतून एक पेटारा घेऊन आला. पेटाऱ्यात टेलिव्हिजन होता. त्या वेळी टेलिव्हिजन केंद्र म्हणाल तर दिल्लीत. आर्णीत त्याच्यावर काय दिसणार? पांढऱ्या मुंग्या. काचेभर वळवळणाऱ्या मुंग्या आणि तव्यावर पाणी टाकल्यासारखी चर्रर्र. तरी अर्धी आर्णी पाहून गेली.

पण गंमत टेलिव्हिजनची नव्हतीच, गंमत त्याच्या डबीची होती. हातात मावेल एवढी, वर चार बटणं. मधुकरनं ती मला उघडून दाखवली. जिनाच्या आवारातल्या त्यांच्या बंगल्यात मला खुर्ची देणारा तो एकटाच माणूस होता, म्हणून नीट आठवतं.

"उकंडा, खुर्चीतून उठायचा कंटाळा येतो ना, त्या कंटाळ्यातून हे निघालं," तो म्हणाला. "आधी डबीले लांब तार होती. लोक तारेत पाय अडकून पडायले लागले. मग उजेडाची काढली, बॅटरीसारखी. तं खिडकीतून ऊन आलं का मशीन आपोआप बदले. मग छप्पन साली हे आलं. यात तार नाही, दिवा नाही, सेल नाही."

आत अ‍ॅल्युमिनिअमच्या चार कांड्या होत्या, चारी कमीजास्त लांबीच्या. बटण दाबलं की एक इवलीशी हातोडी कांडीवर बसायची आणि कांडी वाजायची. इतकी बारीक, की माणसाला ऐकू येत नाही. मशीनमध्ये एक कान बसवलेला, तो रात्रंदिवस जागा. एक कांडी वाजली की चालू-बंद, दुसरी वाजली की आवाज बंद. उरलेल्या दोन्हींनी मशीनच्या बाजूची चकती आपोआप फिरायची, खट्ट करून, एक घर पुढं किंवा एक घर मागं.

"कुत्र्याले ऐकू येते," मधुकर म्हणाला. "आन कोवळ्या कानाले थोडंसं."

मला ते कानात सुई टोचल्यासारखं लागायचं. किसनरावाला काहीच नाही. पण डबी हातात आली आणि म्हातारा खूश झाला. व्हायचाच. जन्मभर तो हेच करत आला होता. चुटकी वाजवली की चौकीदार खेमसिंग पाणी आणणार, दुसरी वाजवली की कोणाला तरी गेटबाहेर काढणार. आता चुटकीचीही मेहनत वाचली.

माघात मधुकर मेला. इंजिनाच्या पट्ट्यात त्याच्या सदऱ्याची बाही गेली. पट्ट्यानं त्याला शाफ्टवर चढवला आणि तीनदा फिरवला. माझ्या बापानं त्याला बोदात, म्हणजे कापसाच्या गोणीत, गोळा केला.

तेरवी झाली, आणि मशीन आपोआप सुरू व्हायला लागलं.

डबी तिजोरीत. दिवाणखान्यात कोणी नाही. आणि मुंग्या चालू. किसनरावानं खुर्ची मशीनसमोर ओढली आणि बसला. ते बंदच करू देईना. रात्रभर चालून चालून जुना ट्रान्सफॉर्मर जळाला, म्हणून मी नवा घेऊन चाललो होतो.

नवा जोडला. मागची फळी काढून बाजूला नेऊन तिच्यावर फुंकर मारत होतो, तेवढ्यात पाठीमागं मशीन गुणगुणलं आणि काच उजळली. किसनराव खुर्चीत पुढं सरकला.

"आला," तो म्हणाला.

मी वळून पाहिलं. व्हरांड्यात तानाबाई पाण्याचा हंडा उतरवत होती.

तानाबाई जवळच्या तांड्यावरची बंजारा बाई. जिनात कापूस झाडायची, तेरवीपासून दुपारी बंगल्यावर पाणीही भरायची. चाळिशीची, तोंडानं फटकळ. नवरा नांदेडकडं सडकेच्या कामावर, पोरगा प्रेमसिंग वीस वर्षांचा, बैलगाडी हाकणारा. तिच्या पायांत काशाचे जाड वाळे होते, पोकळ, आत गोळ्या घातलेले. लग्नात चढवले ते परत निघाले नव्हते. ती निघाली की अर्ध्या जिनाला कळायचं.

"काय ओ कालेजवाले," ती मला म्हणाली, "डब्यात तोंड घालून काय पाह्यतं? बायको भेटते का त्यात?"

"तू जरा चाल बरं, तानाबाई. इकडून तिकडं."

"माह्यं चालनं पाह्याचं आहे? थांब, तुह्या बाले सांगतो."

पण चालली. पाय टेकला, मशीन बंद. परत टेकला, चालू. माझ्या कानात तीच सुई. तिच्या वाळ्यातल्या गोळ्या बरोबर त्याच पट्टीत वाजत होत्या, ज्या पट्टीत ती कांडी वाजते. दहा मिनिटांत मी भूत पकडलं होतं. वर्गात हसलेली सगळी पोरं डोळ्यांसमोर आली. त्यांनी पाहायला पाहिजे होतं.

"मालक," मी छाती काढून म्हणालो, "भूत नाही न् काही नाही. हे मशीन तानाबाईचं ऐकते."

किसनराव माझ्याकडं वळला. इतका सावकाश, की मला त्याची मान वाजलेली ऐकू आली.

"काय म्हनला?"

"तिचं ऐकते. तिनं पाय आपटला का चालू होते. आपट न वं तानाबाई, दाखव मालकाले."

तिनं आपटला. आपटल्यावर हसलीसुद्धा. किसनराव तिच्या पायांकडं पाहत राहिला.

"डबीनं मी लावतो तवा नुसत्या मुंग्या," तो म्हणाला. "हे आपोआप लागते तवा त्यात मधू असते."

"दिसला तुमाले?"

"बापाले दिसते."

मी हत्यारं गोळा केली आणि निघालो. मनात म्हणालो, येडा झाला म्हातारा.

दुकानात जब्बारभाईला सगळं रंगवून सांगितलं. तो रेडिओत डाग देत होता. त्याचा हात थांबला.

"क्या बोला तूने उसको? फिर से बोल."

"ते तिचं ऐकते."

"ऐकू येते बोलना था, बेवकूफ." त्यानं डाग द्यायची सळई खाली ठेवली. "ऐकते यानी हुकूम मानते. अब वो बुड्ढा क्या समझेगा? के उसका बेटा इस औरत का हुकूम मानता है." मग म्हणाला, "उस बाई को बोल दे, उधर मत जाए. आजच बोल."

आज म्हणाला तो. आणि मी? म्हटलं, उद्या सांगू. ऊन फार होतं. खरं सांगतो, दुसरं काही कारण नव्हतं.

तीन दिवसांनी अमावास्या होती. अमावास्येला जिन बंद असायचं. बारा वाजता खेमसिंग दुकानात आला. "मालकानं बलावलं. मशीन बिघडली."

जिनाच्या आवारात चिटपाखरू नव्हतं. सरकीच्या तेलाचा कुबट वास आणि तापलेले पत्रे. दिवाणखान्याच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. मी आत गेलो आणि खेमसिंगनं पाठीमागं कडी घातली.

अंधाराला डोळे सरावले तसं दिसलं. खुर्चीत किसनराव. बाजूला तांड्याचा नायक शंकरसिंग, जो जिनाला मजूर पुरवायचा आणि मालकाच्या चिलमीतून तंबाखू ओढायचा. भिंतीला टेकून माझा बाप. आणि मधोमध तानाबाई, चुंबळ अजून डोक्यावर. तिच्या पायाशी एक बोद अंथरला होता. बोदावर वर्कशॉपमधली ऐरण होती.

"बोलव त्याले," किसनराव म्हणाला.

तानाबाई हसली. "कोनाले, मालक? लहान्या मालकाले? मले बोलवता येत असतं तं आधी माह्या नवऱ्याले बोलावलं असतं. दोन वरसं झाले, सडक काई सरत नाही त्याची."

किसनरावानं तिच्या पायांकडं बोट केलं.

"पाय आपट."

तिनं आपटला. मशीन गुणगुणलं. अर्ध्या मिनिटानं काच पांढरी झाली, आणि त्या उजेडात सगळ्यांची तोंडं मातीच्या भांड्यांसारखी दिसायला लागली.

"आता बोलव."

"मालक... मले नाही येत... नायक, तुमी सांगा न यायले. मी तुमच्यासमोर वाढली..."

शंकरसिंगानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "हिच्यात काही नाही, मालक. जे आहे ते वाळ्यात आहे. काढून घ्या. तुमच्याजवळ आले का तुमचं ऐकन."

तेव्हा मला कळलं, ऐरण कशाला आहे.

"मालक, चुकलं माह्यं!" मी ओरडलो. "ऐकते म्हनजे ऐकू येते, बस! नुसता आवाज आहे थो. कोनतंही लोखंड वाजवा, चाब्या वाजवा, तरी चालू-बंद होईन. हे पाहा!" किल्ल्यांचा जुडगा टेबलावर होता. मी उचलला आणि मशीनसमोर धरून वाजवला. दहादा वाजवला. हात दुखेपर्यंत वाजवला.

मशीन हललं नाही. मुंग्या वळवळत राहिल्या.

बापानं येऊन माझ्या कानाखाली ओढली. "तूच सांगतं, न् तूच फिरतं? चूप."

"बा, नागपूरले हात वर करून काय बोलला होता तू? भुतं मानणार नाही म्हनून?"

"मी नाही मानत," बाप म्हणाला. आवाज अगदी साधा होता त्याचा. "पन मालक मानते."

त्यानं आणि शंकरसिंगानं मिळून मला भिंतीशी दाबलं. बापाचा कोपर माझ्या गळ्यावर होता. रोज गाठी बांधणारा हात तो, मला श्वास घेता येईना. किसनरावानं चुटकी वाजवली.

खेमसिंग तिचा चुलतदीर लागायचा. त्यानं तिला केसांना धरून पाडलं. तिनं त्याच्या मनगटाचा लचका तोडला, त्यानं तिचं डोकं फरशीवर आपटलं, दोनदा, आणि डावा पाय ओढून ऐरणीवर ठेवला.

"भाऊजी... नोको... भाऊजी, प्रेमसिंगची आन आहे तुमाले..."

छिन्नी आणि घण. पहिला घाव वाळ्यावर बसला. दुसरा बसला नाही. हाडाचा आवाज लाकडासारखा असतो, ओल्या लाकडासारखा. ती ओरडली तो आवाज मी तुम्हाला सांगू शकत नाही. सातव्या घावाला वाळा तुटला. खेमसिंगनं तो काढला तेव्हा पाय टाचेपासून भलतीकडंच वळलेला होता.

"दुसरा," किसनराव म्हणाला. तो खुर्चीतून उठला नाही. एकदाही नाही.

उजव्या पायाला छिन्नी सटकली आणि मोठी शीर तुटली. रक्त खेमसिंगच्या तोंडावर उडालं. तरी तो घण घालत राहिला, कारण मालकानं थांब म्हटलं नव्हतं. बोदातली रुई फुगत गेली. लाल होत होत काळी झाली. तानाबाईनं मान माझ्याकडं वळवली. मला वाटलं, काही म्हणेल. तिनं फक्त पाहिलं. मग डोळे तसेच उघडे राहिले आणि छाती हलायची थांबली.

शंकरसिंगानं मला सोडलं. बापानं सोडलं. सरकीच्या वासात आता दुसरा वास मिसळला होता, गरम, नवी नाणी मुठीत धरल्यावर येतो तसा.

खेमसिंगनं वाळे धोतराला पुसून मालकाच्या हातात दिले. किसनरावानं ते मशीनसमोर धरले आणि वाजवले. छन्न. काही नाही. परत वाजवले. "मधू," तो म्हणाला. "मधू, पाह्य रे... आता माह्या हातात आहे..."

मुंग्या थांबल्या.

वळवळायच्या थांबल्या, जिथल्या तिथं. चर्रर्र आवाज बंद झाला. आणि माझ्या कानात सुई घुसली. आधीसारखी नव्हे, आरपार. मी कान दाबून खाली बसलो. बाहेर आवारातली चारही कुत्री एकदम रडायला लागली.

"काय झालं बे तुले?" बाप विचारत होता. त्याला ऐकू येत नव्हतं. चौघांपैकी एकालाही ऐकू येत नव्हतं. एवढा मोठा आवाज, आणि ते चौघं नुसते एकमेकांच्या तोंडाकडं पाहत.

मशीनची चकती फिरली. खट्ट.

खेमसिंगचा डावा घोटा मोडला. त्याला कोणी हात लावला नव्हता. सरळ उभा होता तो, आणि पाऊल आपोआप बाहेर वळलं, वळत गेलं, तानाबाईचं वळलं होतं तेवढं. तो खाली येईपर्यंत परत खट्ट. उजवा.

खट्ट. शंकरसिंग. खट्ट. तो दाराकडं पळायला निघाला होता. दुसऱ्या पावलाला त्याची नडगी कातडीतून बाहेर आली.

मी धावलो आणि भिंतीतला प्लग उपटला. तार माझ्या हातात होती. काच तशीच पांढरी होती.

खट्ट. बाप खाली पडला. त्यानं मला हाक मारली. उकंडा नाही म्हणाला, 'पोरा' म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा. खट्ट.

किसनराव खुर्चीतच होता. त्यानं मांडीवरची डबी उचलली आणि बटणं दाबत सुटला, चारी बटणं, वेड्यासारखी. "बंद हो... बंद हो ना वं... मालक आहो मी..." त्याचे पाय तर जमिनीला टेकलेही नव्हते. चांदीच्या पाटावर ठेवले होते. मी पाहत होतो. पाटावरच वळले ते. एक. मग दुसरा.

मग माझी पाळी, असं वाटून मी डोळे मिटले. कानातला आवाज एकदम गेला. कुत्री गप्प झाली. मी कडी काढली आणि पळालो.

जब्बारभाईला आणि ठाण्यातल्या दोन शिपायांना घेऊन परत यायला अर्धा तास लागला असेल. चौघं फरशीवर लोळत होते. ऐरण होती, छिन्नी होती, रक्तानं जड झालेला बोद होता. तानाबाई नव्हती.

शिपायांनी विहीर पाहिली, सरकीचं कोठार पाहिलं. "कोनाचं रक्त आहे?" विचारलं. चौघांनीही सांगितलं, आमचं. अपघात झाला. मी खरं सांगितलं. मोठ्या शिपायानं विचारलं, "मग मुडदा कुठं आहे?"

तांडा नदीच्या अंगाला तीन मैल. मी पायी निघालो. प्रेमसिंगला त्याच्या याडीचं, म्हणजे आईचं, कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची, वाटभर जुळवत होतो. ऊन कलायला लागलं होतं. प्रेमसिंग झोपडीबाहेर बैलाच्या मानेला तेल लावत होता.

"प्रेमसिंग," मी म्हणालो, "तुह्या याडीले..."

"याडीले काय? आत आहे न. मघाशीच आली. रोटी करून राह्यली."

मी दारातून पाहिलं. पाठमोरी बसली होती. चूल पेटलेली होती, परातीवर हात पडत होते. पाय एका बाजूला घेतलेले. उघडे, सरळ, धुतल्यासारखे स्वच्छ. वीस-पंचवीस वर्षं वाळे घातलेल्या पायाला घट्टे पडतात, कातडी काळी पडते. तिथं कुठं एक ओरखडा नव्हता. लहान पोरीचे पाय असतात तसे.

तिनं मागं वळून पाहिलं नाही. "उकंडा आला वाटते," म्हणाली. "बस म्हना."

मी बसलो नाही.

चौघांना यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, हाडांचा भुगा आहे, हे कधी चालणार नाहीत. तीन महिन्यांनी बापाला घरी आणून बाजेवर टाकला. पाचव्या दिवशी, भर बारा वाजता, बाप बाजेवरून उठला.

उभा राहिला त्या पायांवर. हाडं आत करकरत होती, माझ्या जागेवरून मला ऐकू येत होती. तोंडातून फेस, डोळ्यांतून पाणी, आणि चालायला लागला. मी कमरेला मिठी मारली तर मलाही ओढत नेलं.

"बा, थांब न! कुठं जाऊन राह्यला?"

"सोड... मी नाही जात, पोरा... पाय जातात... तिचं ऐकतात..."

तांड्यावर पोचलो तर खेमसिंग आणि शंकरसिंग आधीच येऊन बसले होते. थोड्या वेळानं किसनराव आला. जन्मात गेटापर्यंत पायी न गेलेला माणूस, अनवाणी, तीन मैल. ओठ चावून चावून तुटले होते. झोपडीसमोर चार ताटं मांडलेली. चौघं ओळीनं मांडी घालून बसले. मांडी घालताना चौघांचेही घोटे वाजले. तिनं भाकर वाढली, वर अंबाडीची भाजी. ते रडत रडत जेवले, आणि आल्या वाटेनं परत गेले. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत.

"थे याडी नाही, भाऊ," प्रेमसिंग मला तांड्याबाहेर सोडायला आला तेव्हा म्हणाला. "माह्या याडीले रोटी गोल येत नव्हती." मग म्हणाला, "पन हाकलू कुठं तिले? माह्यी वाट पाह्यते संध्याकाळी."

सात वर्षं झाली. खेमसिंग पासष्ट साली मेला. मी त्याला जळताना पाहिला. दुसऱ्या दिवशी बारा वाजता तिनं चारच ताटं मांडली, आणि चारही रिकामी झाली. त्यानंतर मी तिकडं जायचं सोडलं. बापाला दारापर्यंत सोडतो, दार लावून घेतो. लग्न केलं, जब्बारभाईचं दुकान चालवतो. तानाबाईला आज सांगायचं ते उद्यावर टाकलं, ते आता कोणाला सांगू?

परवा प्रेमसिंग दुकानात आला. त्याचे कानाजवळचे केस पिकलेत. म्हणाला, पाडव्यापासून ती पाच ताटं मांडते. पाचवं लहान आहे, वाटीएवढं. त्यात दूध घालून भाकर कुस्करून ठेवते.

त्यानं तिला विचारलं, "याडी, हे कोनाचं?"

ती म्हणाली, "येईन थो. अजून भिंत धरून चालते."

माझा पोरगा मागच्या बुधवारी भिंत धरून उभा राहिला.